कल्याणच्या क्लबातली तुझी जागा

प्रिय पास्कूदादा,

कल्याणच्या रेल्वे साहेबांच्या क्लबात, तू देवाघरी गेल्यापासून रिकाम्या असलेल्या तुझ्या जागी, पियानो वाजवायला तुझ्या लेकीला, रोझीला, बोलावलं आहे. क्लबचा बटलर काल स्वतः ठाण्याला येऊन सांगून गेला. येत्या शनिवारच्या नाचाला तिची परीक्षा. ही बातमी तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला कळवू?

अट एकच: समोरच्या कागदावर आहे तेवढंच वाजवायचं. हसलास ना?

तुला तर तो कागद वाचताच येत नव्हता! चर्चच्या पायपेटीवर कानानं शिकलास तू. वडील मिठागरातून दमून यायचे आणि ओरडायचे, "पास्कू, त्या पेटीला तरी निजू दे रं!" पुढे क्लबचा पियानो मिळाला आणि तुझी बोटं मोकाट सुटली. वॉल्ट्झची धून तीच, पण दर शनिवारी निराळी.

आणि ती संध्याकाळ! नाच रंगात आलेला. तू डाव्या हातात, आपल्या सणाला वाजतं त्या मातीच्या घुमटाचा ठेका धरलास आणि उजव्यात, लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून उंबराचं पाणी आणताना आपल्या बाया गातात ती चाल. साहेब-मडमा त्यावर गिरक्या घेत राहिल्या. एका मडमेनं विचारलं, "हे नवं पॅरिसहून आलं का?" तू मान न उचलता म्हणालास, "नाय मॅडम, आमचे विहिरीवरून."

मुंबईची नाटक कंपनी सोडून एका हंगामात परत आलास. "रोज तसंच वाजवायचं? मंग मना कशाला, यंत्र ठेवा!" वहिनी चिडली होती. मला मात्र तू पटलास.

एक तक्रार आहे. रोझीला कधी समोर बसवून का नाही शिकवलंस? "ऐकते ना ती, बस," एवढंच! कागद वाचायला ती कॉन्व्हेंटच्या सिस्टरांकडे शिकली.

काल म्हणाली, "काका, बाबांसारखं वाजवलं तर जागा जाईल. कागदावरचंच वाजवलं तर बाबा पुन्हा एकदा जातील."

"आधी कागदावरचं चोख वाजव. लोक पुन्हा मागतील, तेव्हा तुझ्या मनासारखं."

"आणि नाही मागितलं तर?"

"अगं, मागतील!"

मी तिचं वाजवणं ऐकलंय, दादा. उगाच नाही म्हणत.

बटलरनं क्लबात, ती सिस्टरांची विद्यार्थिनी आहे, एवढंच सांगितलंय. शनिवारी दुपारच्या गाडीनं मी तिला घेऊन जाईन. तुझं नाव आधी काढणार नाही, हा माझा शब्द. जागा तिची तिनं मिळवली, की मगच सांगेन, ही कुणाची लेक ते.

तुझा धाकटा,
इनास