मुठीच्या भोकातून गेलेली केबल

शनिवार, ३ तारीख

या घरात माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: मागच्या खोलीचं दार, लॅच आणि मुठीसकट. पुस्तकांचं शेल्फ. (डावीकडे उतरतं, पण तो भिंतीचा दोष.) दारावरची बेल, जुन्या कॉम्प्युटरच्या सीडी ड्राइव्हची मोटार काढून केलेली. हवा दमट असली की आपली आपण वाजते, इतकी संवेदनशील. त्याच कॉम्प्युटरची यूएसबीची खाच, स्वतः डाग देऊन दुरुस्त केलेली. तेव्हापासून तिच्यात काहीही शिरत नाही. मजबुती.

सगळं कुठल्याही क्लासला न जाता.

आता यात भर. कन्येची सगळी ड्रॉइंग्ज जुन्या कॉम्प्युटरवर, मागच्या खोलीत. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी ती शुक्रवारी पाचच्या आत ऑनलाइन पाठवायची आहेत. इंटरनेट फक्त हॉलमधल्या नव्या कॉम्प्युटरला. जुन्याची डिस्क हल्ली टिकटिक करते. कन्या म्हणाली, बाबा, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे देऊ, तो कॉपी करून देईल. मी म्हटलं, घरातली गोष्ट घरात. दोन्ही मशिनं थेट केबलने जोडायची. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

रविवार, ४

केबल आणली. टोकं आणली, ती बसवायची पक्कडही. दुरुस्तीवाला म्हणाला, काका, तयार केबल आहे की, दोन्ही टोकं बसवलेली. मी नुसता हसलो.

भिंतीत भोक पाडायला सौ.चा विरोध. मागच्या वेळी पाइप लागला होता, ते ती अजून काढते. लगेच तोडगा सुचला. दाराची मूठ काढली आणि तिच्या भोकातून केबल ओवली, मग दोन्हीकडे टोकं बसवली. मापात कापली. केबल लोंबलेली मला चालत नाही. सौ. म्हणाली, आणि दार उघडायचं कशानं? मी म्हटलं, लावायचंच कशाला?

सोमवार, ५

आठ तारा, आठ रंग. दोन्ही टोकांना अगदी एकाच क्रमाने बसवल्या. लाइट लागत नाही. पुस्तकात बघितलं: जुनी मशिनं थेट जोडताना एका टोकाला काही तारांची अदलाबदल करावी लागते. हे केबलवर छापायला काय होतं? टोक कापलं, नवीन बसवलं.

मंगळवार, ६

पुन्हा कापलं. नारिंगी आणि तपकिरी यांत फरक एवढा कमी ठेवणाऱ्याला काय म्हणावं! पुन्हा कापलं. केबल तोकडी पडायला लागली म्हणून हॉलमधलं टेबल दाराकडे सरकवलं. मग आतलंही.

बुधवार, ७

सकाळी: दोन्ही टेबलं दाराच्या चौकटीला भिडली. दार अर्धंच उघडतं, आत जायचं तर तिरकं होऊन. सौ. म्हणाली, तुम्ही टोकं कापत राहा, एक दिवस दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांच्या मांडीवर बसतील. कन्या काही बोलत नाही. विश्वास.

संध्याकाळी: हिरवा लाइट! दोन्हीकडे! सौ.ला हात धरून आणून दाखवला. ती म्हणाली, छान आहे हो. ड्रॉइंग्ज कुठायत?

दोन्ही मशिनांना आकड्यांचा पत्ता द्यावा लागतो. एकाच घरात राहतात म्हणून दोघांना एकच दिला. स्क्रीनवर तक्रार.

गुरुवार, ८

कन्या म्हणाली, बाबा, प्रत्येकाला वेगळा आकडा लागतो. मी म्हटलं, माहीत आहे, मशिन पकडतं का ते बघत होतो. वेगळा दिला. हॉलमध्ये बसून जुन्यावरचा फोल्डर दिसला! उघडायला गेलो तर परवानगी नाही म्हणतो. माझ्या घरात, मला.

कन्या म्हणाली, आता दुकानात नेते. मी म्हटलं, उद्या सकाळी तुझी ड्रॉइंग्ज हॉलमध्ये. बापाचा शब्द.

शुक्रवार, ९. सकाळ

जुन्या मशिनवर बसून परवानगी द्यायला आत गेलो. खिडकी उघडी होती. वाऱ्याने दार धाडकन मिटलं आणि लॅच बसलं. घट्ट बसलं, ती खाच मी स्वतः कोरली आहे. मूठ बाहेर सौ.च्या हातात. ती घालायच्या भोकात केबल. केबल ओढून निघत नाही, कारण टोकं भोकापेक्षा मोठी.

सौ. पलीकडून म्हणाली, कापा ती. मी म्हटलं, हिरवा लाइट आहे. ती म्हणाली, घरातलं हे एकच दार, मिटायला वारा पुरतो आणि उघडायला माणूस पुरत नाही.

दुपार

परवानगी दिली. फाइली निघाल्या! बाकी वेळ: दोन तास. जरा वेळाने: सहा तास. मग नुसताच गोल फिरतोय. टिकटिक वाढली आहे.

दारापलीकडे कन्या बराच वेळ उभी होती, दाराखालच्या फटीतून पावलं दिसत होती. शेवटी म्हणाली, बाबा, पाचला बंद होतं. एवढंच. मी पक्कड हातात घेतली. केबलला लावली. परत ठेवली.

नंतर

कन्या दुरुस्तीवाल्यालाच खिडकीशी घेऊन आली. मशिनमधून केबल सोडवली आणि खोकं खिडकीतून बाहेर दिलं. मी स्वतः दिलं, हे नोंदवून ठेवतो. खोक्यामागून मीही निघून बघितलं. खांद्यापर्यंत गेलो. ही खिडकी मी केलेली नाही.

संध्याकाळ

ड्रॉइंग्ज वेळेत गेली. कन्या खिडकीशी येऊन म्हणाली, झालं, बाबा. हसलीसुद्धा. जेवणाचं ताटही खिडकीतूनच आलं. केबलचं एक टोक हॉलमधल्या मशिनला, दुसरं माझ्या मांडीवर. हिरवा लाइट गेला.

सौ. म्हणाली, आता तरी कापा. मी म्हटलं, आता तर मुळीच नाही. एवढं बरोबर टोक पुन्हा बसेल का?

दुरुस्तीवाला दुकान बंद करून घरी जाता जाता खिडकीशी थांबला. पिशवीतून तयार केबल काढली, चांगली लांब, दोन्ही टोकं बसवलेली. म्हणाला, काका, तुमची कापा, बाहेर या आणि ही घ्या. मी विचारलं, किती? तो म्हणाला, तुमच्याकडून काय घ्यायचं, तशीच ठेवा.

मी नको म्हणालो.

नाकारलेल्या केबलची किंमत, नोंदीसाठी: शून्य.