जमीन वगळून

१८ जून

प्रिय दादा,

नमस्कार. तू खुशाल असशील असं धरून चालते, कारण तुला साधी शिंक आली तरी वहिनीचा फोन येतो. आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, मी पाठवलेली काठी दाराआड उभी करून ठेवण्यासाठी नाही.

पत्र बघून भुवया वर गेल्या असतील तुझ्या. पण फोनवर तू दोन मिनिटं "हं, हं" करतोस आणि "घे, वहिनीशी बोल" म्हणून मोकळा होतोस. शिवाय बंदराच्या नोकरीत हाताखालच्या माणसांना तू जन्मभर एकच सांगत आलास की तोंडी काही नको, लेखी द्या. म्हटलं, आपणही लेखीच द्यावं.

इथलं काय सांगू! नवा उपग्रह परत पुढे ढकललाय. जुन्याचं इंधन संपत आलंय, तो कधी डोळे मिटेल याचा नेम नाही. साहेब रोज बैठक घेतात आणि त्या बैठकीत पुढच्या बैठकीची तारीख ठरते. लोकांना वाटतं, समुद्राचा अभ्यास करते म्हणजे ही बाई बोटीच्या टोकाला वाऱ्यात उभी असणार. मला बोट लागते हे त्यांना कुठे माहीत? बाबांनी आपल्याला समोरच्या बेटावर नेलं होतं, तेव्हा तुझ्या नव्या शर्टाचं मी काय केलं होतं ते आठव. मी बिनखिडकीच्या खोलीत बसते, एसीचं पाणी टपकतं तिथे बादली ठेवलेली असते, आणि ओलं असं माझ्या आसपास तेवढंच काय ते. समुद्र मला आकड्यांतून भेटतो. उपग्रह वरून लहरी सोडतो, त्या पाण्यावर आपटून परत जातात, जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून पाण्याची उंची कळते. एवढंच माझं काम. एवढ्यात केस पांढरे झाले.

आता मुद्द्याचं. किनाऱ्यालगत समुद्र किती चढतोय, त्याचा आमचा मोठा नकाशा होतोय. मीच प्रमुख आहे, निदान आजच्या तारखेला. उपग्रह खरं बोलतोय की नाही ते बघायला आम्ही ठिकठिकाणच्या बंदरांतली भरती-ओहोटी मोजणारी गेजं शेजारी ठेवतो. सगळी जुळली रे. एकच जुळत नाही, आणि नशीब बघ, ते तुझं आहे. तू बांधलेल्या धक्क्यावरचं. उपग्रह म्हणतो पाणी इतकं चढलं. तुझं गेज दर वर्षी त्याहून कितीतरी जास्त सांगतं. गेली तीन वर्षं मी आकडे उलटेपालटे करून पाहिले. शेवटी डोकं भिंतीवर आपटायचंच बाकी राहिलंय.

म्हणून विचारते. ज्या खांबाला गेज बसवलंय, त्याची लेव्हल, म्हणजे उंची, टेकडीखालच्या खडकावरच्या पक्क्या खुणेशी शेवटची कधी ताडून पाहिली होती? तू निवृत्त झालास तरी तिथली माणसं तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. कागद मागवून घे ना.

वहिनी म्हणत होती, सोसायटीवर आणखी दोन मजले चढणार. चेअरमन तूच आणि इमारत भक्कम असल्याचा दाखला देणारा अभियंताही तूच. एवढी घाई कशासाठी? आणि जाता जाता एक, घराची दारं नीट लागतात ना?

आईला नमस्कार. वहिनीला म्हणावं, तुझ्या हातच्या जेवणावाचून मी वाळले आहे.

तुझी,
भिंगरी


९ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, ऑफिसचा शेरा! "गेज जुने झाले आहे. तुझे ते स्थानक यादीतून काढून टाकावे. दारे उत्तम लागतात. तुला समुद्राचे कळते, दारांचे विचारू नये." खाली सही आणि तारीख. जावक क्रमांक तेवढा घालायचा विसरलास.

लेव्हलबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी दोनदा वाचून पाहिलं, पाठीमागेही उलटून पाहिलं.

गंमत अशी की त्याच आठवड्यात साहेबही हेच म्हणाले. भर बैठकीत. "बाई, एका खांबासाठी जगाचा नकाशा अडवून धरणार का तुम्ही? वगळा ते स्थानक, तळटीप टाका, मोकळ्या व्हा." सगळे हसले. माझ्या बाबतीत दोन पुरुषांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ, आणि तेही एकमेकांचं तोंड न बघता. मी म्हटलं, "चुकतंय का ते कळल्याशिवाय कसं वगळू?" तर म्हणाले, "जुळत नाही म्हणजेच चुकतंय." मी वही मिटली आणि बाहेर जाऊन थंडगार चहा प्यायले. यंत्रातला चहा गारच येतो इथे, तक्रार करून थकले.

समोरच्या टेबलाशी एक बाई बसते. आम्ही तिला जमीनवाली म्हणतो, ती मला पाणवाली म्हणते. तीही उपग्रहच वापरते, पण तिचा उपग्रह जमीन कुठे उचलली, कुठे खचली ते सांगतो. इतकी वर्षं समोरासमोर बसून आम्ही फक्त पंख्याच्या रेग्युलेटरवरून भांडत आलो. त्या दिवशी माझं तोंड बघून तिनेच विचारलं, "काय गं, कोण मेलं?"

मी खांबाचं पुराण सांगितलं. ती म्हणाली, "मग खांबच खाली जात असेल."

"तुझ्या नकाशात तसं दिसतं का?"

"माझ्या नकाशात धक्का नाहीच. पाण्याच्या कडेची पट्टी मी पहिल्याच पायरीला पुसून टाकते. पाण्याने नुसती घाण होते आकड्यांची."

दादा, मी बघतच राहिले. कारण आमचं कामही तिथूनच सुरू होतं: जमीन वगळा. किनाऱ्याजवळ परतणाऱ्या लहरींत जमिनीची भेसळ होते, म्हणून कडेचं सगळं आम्ही न बघता टाकून देतो. आमच्या संगणकाला ते शिकवलेलंच आहे, कोणी विचारत नाही. म्हणजे तुझा धक्का तिच्याही केराच्या टोपलीत आणि माझ्याही. जिथे माणसं राहतात नेमकी तेवढीच पट्टी आम्हा दोघी शहाण्यांना दिसत नव्हती! मला इतका संताप आला, कोणावर ते सांगता येणार नाही.

तिने ती पट्टी न पुसता पुन्हा सगळं चालवून बघायचं कबूल केलं. तिचं स्वतःचं काम बाजूला ठेवून, साहेबांना न सांगता. परवा आकडे आले.

तुझं गेज चुकलेलं नाही. ते पाणी बरोबरच मोजतंय, पण ज्याला ते बांधलंय तो धक्का खाली जातोय. पाणी थोडं वर, खांब थोडा खाली, आणि गेज बिचारं दोन्हींची बेरीज सांगतंय. गेजाच्या आकड्यातून उपग्रहाचा आकडा वजा केला की जे उरतं ते जमिनीचं खचणं, आणि ते जमीनवालीच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. मी आनंदाने टेबलावर थाप मारली आणि पुढच्याच क्षणाला तो हात मागे घेतला.

तू बांधलेलं काम वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. त्या काळी भराव घातला तो कुठल्या दळभद्र्या गाळावर, ते तुझ्या हातात नव्हतं. चिडू नकोस. फक्त लेव्हलचे कागद पाठव. आणि दारांचं मी उगाच विचारत नाहीये, एवढंही तुला कळू नये?

मजल्यांचं काम सुरू झालं नाही ना अजून? पावसाळा संपेपर्यंत तरी थांबा.

तुझी,
भिंगरी


२ सप्टेंबर

दादा,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे.

परवा तू आपणहून फोन केलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहिनीच्या हातात फोन न देता बोललास. मी मनात तयारी करून बसले होते की तू ओरडशील, "आकाशातून बघून मला धक्के शिकवतेस का?" म्हणशील, किती खचला, कुठे खचला, कशावरून, असं उलटतपासणीला घेशील. तू नेहमी तेच करतोस. लहानपणी माझी गणितं तपासायचास तेव्हापासून.

तू यातलं काही विचारलं नाहीस. तुझा पहिला प्रश्न होता, "हे कोणाला दाखवलंस?"

म्हणजे तुला माहीत होतं.

नंतर मी वहिनीला फोन लावला. सरळ विचारलं असतं तर ती बोलली नसती, म्हणून दारांचा विषय काढला. ती बिचारी भाबडेपणाने म्हणाली, "अगं, दारांना काय धाड भरलीये! दर वर्षी हे स्वतः रंधा मारतात ना खालून. आईंच्या खोलीच्या दाराला तर यंदा दोनदा मारला. सुताराला हातसुद्धा लावू देत नाहीत, इतकी हौस." हौस! दादा, तुला आयुष्यात कधी खिळा ठोकायची हौस नव्हती.

मागच्या दोन पत्रांत जे लिहायचं मी टाळत होते, ते आता लिहिते. आपली सोसायटी त्याच भरावावर आहे. धक्क्यापेक्षा ती जास्त खचतेय, आणि सगळीकडे सारखी नाही. समुद्राकडचा कोपरा पुढे आहे. त्या कोपऱ्यात तळमजल्याला आईची खोली आहे. इमारत एका अंगावर कलतेय, म्हणूनच दारं अडकतात, आणि तू तिच्या डोक्यावर आणखी दोन मजल्यांचं ओझं चढवायला निघालास. आत्याने आपलं जुनं घर मोडून तिथे जागा घेतली, तुझ्या शब्दावर. तुझा सगळा मित्रपरिवार तिथे आहे, तोही तुझ्या शब्दावर. दारं तासत बसलास रे! माणसाने घाबरावं, चुकावं, पण दार तासून घराला गप्प बसवायचं?

मी रागावले आहे आणि तो राग मला आवरायचा नाही. पण मला भीतीही वाटते, तुझ्यासाठीसुद्धा. तू फोनवर म्हणालास, "तीस वर्षं या गावात माझ्या नावावर लोक विटा रचत आले. ते नाव गेलं तर माझ्याकडे काय राहिलं?" तू मला पहिल्यांदा होकायंत्र दाखवलंस, सुई का हलते ते सांगितलंस, त्या दिवसापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. तुझ्यामुळे मी या खोलीत येऊन बसले आणि इथूनच मला तुझं घर खचताना दिसावं! असल्या शहाणपणाला आग लागो.

मग तू म्हणालास, "तू स्थानक वगळ. मी मजल्यांचं लांबणीवर टाकतो. बाहेर काही जायला नको." मीही माणूसच आहे, खोटं कशाला बोलू, रात्र पडेपर्यंत त्यावर विचार केला. सगळ्यांची सोय होती. साहेबांचा नकाशा वेळेवर निघाला असता, माझं नाव वरच राहिलं असतं, तुझंही राहिलं असतं. पण लांबणीवर म्हणजे कुठवर? इमारत आताच कलतेय, मजले चढोत न चढोत. आणि वहिनीने बोलता बोलता सांगून टाकलं की दाखल्याचा कागद टाइप होऊन तुझ्या टेबलावर आलाय, सोमवारच्या सभेत सही आहे. तू मला ते सांगितलं नाहीस.

मी स्थानक ठेवलं. नकाशा साहेबांनी काढून घेतला आणि माझ्या हाताखालच्याला दिला. तो काल पेढे वाटल्यासारखं तोंड करून फिरत होता. मला त्याचं फार वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण इतर वाटण्यांच्या गर्दीत ते मागे पडलं.

सोबत एक कागद जोडला आहे. माझे आकडे, जमीनवालीचे आकडे, दोघींच्या सह्या. तुझ्याकडे आली आहे ती माहितीसाठी प्रत. मूळ कागद आज सकाळी नगरपालिकेच्या अभियंत्याकडे गेला. रजिस्टर्ड पाठवला. आधी तुला विचारलं असतं तर तू थांब म्हणाला असतास आणि मी थांबले असते, कारण तुझं ऐकायची सवय माझ्या हाडात आहे. म्हणून विचारलं नाही.

शुक्रवारी मी येते, आईला न्यायला. भांडायचं असेल तर दार उघडून भांड, सगळ्यांसमोर भांड, मी ऐकून घेईन. तिचे कपडे वहिनी भरेल. पण खोली का सोडायची हे आईला तू सांगायचंस. वहिनीने नाही, मी नाही, नगरपालिकेच्या माणसाने तर नाहीच. तिने आजवर घराबद्दल फक्त तुझ्यावर विश्वास ठेवलाय, निदान हे तरी तिला तुझ्या तोंडून कळू दे.

सोमवारी सही करू नकोस, दादा. हात जोडते.

तुझ्या मर्जीविरुद्ध, आणि तरीही तुझीच धाकटी,
भिंगरी