एकोणसाठ कार्बाईन आणि माझा शिक्का

मी, लहू किसन सुरवाडे, वय अठ्ठावन्न, काम बंदुका दुरुस्त करण्याचे, मूळ राहणार देहूरोड, जिल्हा पुणे, सध्या मुक्काम हिद्द, बहरीन, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, म्हणून बावीस तारखेच्या मंगळवारी डॉक्टर ती उघडणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे. रागात लिहिलेलं मृत्युपत्र चालत नाही असा कायदा असेल तर तो मला ठाऊक नाही. हा राग आठ महिने बरणीत मुरलेला आहे, आजचा ताजा नाही, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

१. देहूरोडच्या दोन खोल्या, पुढचं पत्र्याचं न्हाणीघर आणि दारचा कडुनिंब, ही माझी सगळी स्थावर मिळकत माझी पत्नी सुमनबाई हिला मिळावी. पूर्ण मालकीने, तिच्या एकटीच्या. माझ्या भावांपैकी कोणी "वहिनी एकटी कशी राहील" असा कळवळा घेऊन आला तर तिनं त्याला चहा द्यावा आणि दार दाखवावं. मी बावीस वर्षं परदेशात होतो तेव्हा ती एकटीच राहिली. तेव्हा कोणाला पाझर फुटला नव्हता.

२. माझी बँकेतली शिल्लक आणि कंपनीकडून जे काही सर्व्हिसचे पैसे मिळतील ते, यांचे दोन सारखे भाग करावेत. एक सुमनबाईचा. दुसरा अन्सार मोमीन, राहणार मालेगाव, याचा. अन्सार हयात नसेल तर त्याची पत्नी शरीफुन्निसा हिचा. हे दान नाही. दान करण्याएवढा मी मोठा नाही. हे देणं आहे, आणि का आहे ते पुढे येतंच आहे.

३. माझी हत्यारं. मी चौथी शिकलेला माणूस. खडकीच्या लष्करी वर्कशॉपात झाडू मारायला लागलो आणि झाडता झाडता बघत गेलो. इंग्रजी अक्षरं शिकलो ती बंदुकीच्या नकाशांवरून, त्यामुळे मला "बोल्ट" आणि "बॅरल" आधी वाचता आलं, स्वतःचं नाव नंतर. तिथं एका म्हाताऱ्या हवालदारानं मला शिकवलं की बंदुकीत दोनच गोष्टी नवरा-बायको असतात, नळी आणि तिचं मागचं तोंड मिटणारा बोल्ट. एकमेकांशी घासून घासून बसलेली जोडी असते ती. दुसरीचा नवरा आणून पहिलीच्या घरात कोंबलास तर घर जळेल, म्हणाला.

म्हणून मी आयुष्यभर एक पद्धत पाळली. खानावळीत मिळतात तशी कप्प्यांची स्टीलची ताटं घ्यायची. एका बंदुकीचं एक ताट. बोल्ट मोठ्या कप्प्यात, स्प्रिंग वाटीच्या जागी, पिना चटणीच्या जागी. एका ताटात एकच जेवेल. धुऊन, पुसून, जोडून झालं की दोन पोलादी गेज लावून बघायचे. पहिल्या गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. दुसऱ्यावर मिटला म्हणजे मागं फट जास्त आहे. काडतुसाची पितळी पुंगळी तिथं फाटते आणि आग पुढं जायच्या ऐवजी मागं, माणसाच्या तोंडावर येते. दोन्ही गेज पास झाले की पितळी बिल्ल्यावर "ल. सु." असा ठोकशिक्का मारून बिल्ला घोड्याच्या कडीला बांधायचा. एवढंच माझं शिक्षण, आणि एवढीच माझी इज्जत.

ती चोवीस ताटं मीना सलमान बंदरावरच्या कंपनीच्या गोदामात माझ्या नावाच्या पेटीत आहेत. त्यातली तेवीस देहूरोडच्या बुद्धविहाराला द्यावीत. वंदनेनंतरच्या जेवणाला उपयोगी पडतील. चोविसाव्या ताटाचं कलम वेगळं आहे.

४. आता राजन. हे आमच्या क्लबाचे मॅनेजर, पुण्याचे, शिकलेले, आकड्यात हुशार. झल्लाककडच्या वाळवंटात आमचा नेमबाजीचा क्लब आहे. मालक हमीद, त्यांना आम्ही अरबाब म्हणतो. गेल्या वर्षी कुठल्याशा फौजेनं जुन्या झाल्या म्हणून काढलेल्या तीनशे कार्बाईन अरबाबनी आणल्या. हलक्या, आखूड, लाकडी दस्त्याच्या, ग्रीसच्या चिखलात बुडवलेल्या. खरं सांगतो, पहिली पुसून खांद्याला लावली तेव्हा मला प्रेमच वाटलं. पोरानं खांद्यावर मान टाकावी तशी ती टेकते.

मग कोणीतरी आवई उठवली की पुढच्या वर्षापासून असा माल येणं बंद. झालं! इंजिनिअर, बँकवाले, हॉटेलवाले, सगळे धावले. बंदूक घरी नेता येत नाही, ती क्लबाच्या शस्त्रघरातच राहते. मेंबराला मिळते ती नंबराची चिठ्ठी. लोक ती चिठ्ठीच विकू लागले. सकाळी एक भाव, दुपारी असरच्या नमाजानंतर दुसरा. एकेक चिठ्ठी सात हातांतून फिरायची आणि सातातल्या एकानंही तो घोडा एकदा दाबलेला नसायचा. दस्ता अक्रोडाचा की सागाचा, एवढंही विचारत नव्हते. नंबर सांगा, नंबर!

मी ताटं मांडून रोज आठ बंदुका करत होतो. राजन यायचे आणि घड्याळ बघायचे.

"सुरवाडे, ही काय खानावळ आहे? लोक पैसे घेऊन उभे आहेत."

"साहेब, आठाच्या वर हात चालत नाही."

"ग्रीस काढायला गेज कशाला? सगळे बोल्ट एका ड्रममध्ये टाका, रॉकेल ओता, खलास."

"साहेब, मग कोणाचा बोल्ट कोणाचा हे देवालाही सांगता येणार नाही."

"तुमचा देवावर विश्वास नाही ना, सुरवाडे?" असं म्हणून हसले. मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

फेब्रुवारीत सुमन न्हाणीघरात पडली, मी पंधरा दिवस लीव्हवर गेलो. शिक्का टेबलाच्या खणात राहिला, खणाला कुलूप नव्हतं. परत आलो तर साठ कार्बाईन चकचकीत होऊन लाकडी घोडीवर उभ्या, प्रत्येकीच्या कडीला बिल्ला आणि बिल्ल्यावर "ल. सु." कोपऱ्यात रॉकेलचा ड्रम होता आणि तळाशी कोणाची तरी एक अनाथ पिन पडली होती.

राजननी चार वर्षांत माझ्या डब्यातली भाकर कधी तोंडाला लावली नाही. दर वेळी "पथ्य आहे" म्हणायचे. माणसांची ताटं इतक्या जपून वेगळी ठेवणाऱ्या या माणसानं साठ बंदुकांचे बोल्ट मात्र एका ड्रममध्ये एकत्र जेवायला बसवले. वा रे वा.

चोविसावं ताट राजन यांना द्यावं. धुऊन द्यावं. त्यात त्यांनी एकदा जेवावं, एवढीच इच्छा.

५. हे कलम माझ्याविरुद्ध आहे. इथं हात राखला तर वरचं सगळं नुसती चहाडी ठरेल.

ड्रम बघितल्या क्षणी मला सगळं कळलं होतं. मी राजनना म्हटलं, "या साठही परत उघडायला हव्यात." ते म्हणाले, "साठही विकल्या गेल्यात. आज उघडल्या तर उद्या चिठ्ठीला कुत्रं विचारणार नाही. आणि सुरवाडे, तुमचीही एक चिठ्ठी आहे ना?"

होती. माझा मुलगा विश्वजीत मनामाला आमच्याच कंपनीच्या ऑफिसात आहे. त्यानं माझ्या मागं भुणभुण लावली होती. "बाबा, एव्हरीबडी इज बाइंग. तुम्ही आतले माणूस असून बघत बसलाय?" घराला स्लॅब टाकायला साठवलेले पैसे मी त्या चिठ्ठीत घातले. बोल्ट वाईट हे कळल्यावरही आठ दिवस मी गप्प बसलो. भाव अजून थोडा चढू दे, मग आपली विकू, मग बोलू. गूळ दिसला की मुंगळ्याला ताटली दिसत नाही. मी मुंगळा झालो.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. गिऱ्हाइकांना बंदूक चालवून दाखवायची होती. मेंबरांना डोळे वाचवायचे चष्मे वाटले. चालवणारा अन्सार, आमचा क्लीनर, मालेगावचा, माझ्यासोबत सहा वर्षं एका खोलीत राहिलेला. त्याला चष्मा कोणी दिला नाही. त्यानं कार्बाईन उचलली, बिल्ला उलटा करून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "लहूभाई, इसपे आपका ठप्पा है ना? फिर क्या डर!"

मी चार पावलांवर उभा होतो. भोवती चिठ्ठ्यावाले उभे होते. "थांब" हा एक शब्द होता. तो माझ्या तोंडातून निघाला नाही.

तिसऱ्या गोळीला पुंगळी फाटली. अन्सारचा उजवा डोळा गेला.

चौकशीच्या कागदावर राजननी लिहिलं, "कामगाराने निष्काळजीपणे खराब काडतूस भरले." खाली तज्ज्ञाची सही लागत होती. विश्वजीतच्या व्हिसाची आठवण मला करून देण्यात आली. मी सही केली. चार दिवसांत अन्सारला विमानात बसवलं. निष्काळजी ठरला म्हणून भरपाई मफी, एक पैसा नाही. विमानतळावर तो मला म्हणाला, "आपने तो देखा था ना, भाई? काडतूस ठीक था ना?" मी म्हटलं, "जा, पोचल्यावर पत्र टाक." पत्र आलं नाही. का येईल?

तरी मी या कागदाने जाहीर करतो की काडतूस ठीक होतं, बोल्ट परका होता, अन्सार मोमीनची यात तिळमात्र चूक नव्हती आणि चौकशीच्या कागदावरची माझी सही खोटी आहे. फाटलेली पुंगळी आणि तो बोल्ट मी उचलून ठेवला आहे. माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत, बिस्किटाच्या डब्यात.

६. त्या साठांपैकी एकोणसाठ कार्बाईन आजही शस्त्रघरात उभ्या आहेत, माझ्या शिक्क्यासह. जूनमध्ये माझी किल्ली काढून घेऊन मला मीना सलमानच्या गोदामात टाकलं, त्यामुळे माझा हात तिथवर पोचत नाही. त्यांचे नंबर शेवटच्या पानावर लिहिले आहेत. त्या एकोणसाठांवरचा माझा शिक्का मी मागे घेतो. ठोकशिक्का मी दगडावर घासून सपाट केला आहे. गेजची जोडी याच पाकिटात आहे. तपासणाऱ्यानं आधी बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघावं, आणि बोल्ट एका बोटानं मिटवावा, जोर लावू नये.

माझ्या स्वतःच्या चिठ्ठीची कार्बाईनही याच साठांतली. ती विकू नये. करवतीनं तिचे तीन तुकडे करावेत.

७. विश्वजीतला मी पैसा ठेवत नाही. त्याला बिस्किटाच्या डब्यातली फाटकी पुंगळी मिळावी. आधी ती अरबाबना पुरावा म्हणून दाखवावी, मग त्यानं न्यावी आणि टीव्हीवर ठेवावी. शिवाय अन्सारचा भाग त्यानं स्वतः मालेगावला जाऊन द्यावा, पोस्टानं नाही. तिथं बसावं, शरीफुन्निसा वाढील ते जेवावं, आणि अन्सारनं काही विचारलं तर मराठीत किंवा हिंदीत उत्तर द्यावं. इंग्रजीच्या आड लपू नये. पोरा, तुझ्यावर राग आहे तो माझ्यावरच्या रागाचा धाकटा भाऊ आहे. तू नुसती भुणभुण केलीस, पैसे मी काढले.

८. माझ्यामागं त्रिशरण-पंचशील म्हणावं. क्लबाचा हार घेऊ नये.

इथवर रविवारी लिहिलं होतं आणि पाकीट चिकटवलं होतं. माझ्यामागं उघडावं असं वर लिहिलंही होतं. काल गोदामात शिपाई एक कागद लावून गेला. शुक्रवारी, पंचवीस तारखेला, क्लबात मोठी स्पर्धा, चिठ्ठीवाल्या सगळ्या मेंबरांनी आपापल्या कार्बाईननं नेम धरायचा. बायका-पोरांसह यावं, जेवण आहे.

मी तो कागद उभ्या उभ्या तीनदा वाचला. ऑपरेशन मंगळवारी. मी मेलो तर रडारडीत पाकीट शुक्रवारच्या आत कोण उघडणार? आणि जगलो तर ते चिकटलेलंच राहणार, आणि मी पलंगावर पडून पुन्हा गप्प! मेल्यावर खरं बोलायचं ठरवलं होतं मी. याला मृत्युपत्र म्हणत नाहीत, पळपुटेपणा म्हणतात. चार पावलांवर उभा राहून एकदा गप्प बसलो, आता मरणाच्या पलीकडं उभं राहून गप्प बसायचं होतं.

म्हणून पाकीट फोडलं, आणि हे शेवटचं कलम घालतो.

९. या कागदाचा पहिला साक्षीदार अरबाब हमीद हेच असावेत. साक्षीदारानं नुसती सही करायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, असं लोक सांगतात. माझ्या साक्षीदारानं मजकूर ऐकल्याशिवाय सही करू नये. व्हिसा जायचा तर जावो, माझाही आणि विश्वजीतचाही. देहूरोडला दोन खोल्या आहेत.

याआधी मी कुठं काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

ठिकाण : हिद्द, बहरीन
तारीख : १७ नोव्हेंबर १९९४, गुरुवार

(सही) लहू किसन सुरवाडे

साक्षीदार दुसरी : ज्योत्स्ना भीमराव पगारे, कंपनीच्या ऑफिसात असिस्टंट, मनामा. लहूदादांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी अरबाबना हिंदीत वाचून दाखवला. पाचवं कलम त्यांनी दोनदा वाचायला लावलं. (सही)

साक्षीदार पहिला : हमीद यूसुफ. यांना मराठी लिहिता येत नाही, त्यांचं हिंदी बोलणं मी, ज्योत्स्ना, खाली मराठीत उतरवत आहे :

"मी सगळं ऐकलं. आधी मी लहूवर ओरडलो, खूप ओरडलो. आठ महिने माझं मीठ खाऊन गप्प कसा बसलास, विचारलं. तो म्हणाला, उत्तर पाचव्या कलमात आहे. मग मी विचारलं, मंगळवारच्या आत किती बंदुका तपासून होतील? म्हणाला, एका ताटात एक, दिवसाला आठ, सगळ्या होणार नाहीत. मी म्हटलं, मग उरलेल्यांना कुलूप राहील, स्पर्धा होणार नाही. अन्सारचा चौकशीचा कागद मी परत उघडतो, इंशाल्ला. राजनला फोन केला आहे, तो शस्त्रघराची किल्ली घेऊन दारात उभा राहील. लहू म्हणतो, ताटं आधी घेऊ, ती मीना सलमानला आहेत. गाडी खाली चालू आहे. यल्ला, चला, सही कुठं करू?"

(सही) हमीद यूसुफ