रविवारच्या आत ट्रक

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
ठरलं. आजपासून चिडायचं नाही. ट्रकवर नोकरी मिळवायची आणि दीक्षाशी लग्न करायचं. याच ऑर्डरमध्ये. दीक्षा म्हणाली, रविवारी २३ला नाशिकचा एक इंजिनिअर मला बघायला येतोय, त्याच्या आत नोकरी लागली तर बाबांपाशी तुझं नाव काढते. म्हणजे थांबलीये माझ्यासाठी. वीस दिवस भरपूर झाले. हेवी लायसन्स आहे, हात साफ आहे. चार दिवसांचं काम.

५ नोव्हेंबर
मार्केट यार्डात तीन ट्रान्सपोर्टवाले. तिघांनी ॲक्सिडेंट विचारले. दोनच आहेत. दीक्षाचा मेसेज आला म्हणून टेम्पो पानटपरीत गेला. दुसऱ्यांदा मेसेज आला नाही म्हणून डिव्हायडरवर. दोन्हींत ड्रायव्हिंगची चूक नाही. तिसरा मालक म्हणाला, अहो, आपण पायी छान चालत असाल. मी टेबलावर हात आपटला. हळूच. काच आधीच तडकलेली असणार.
चिडायचं नाही हे उद्यापासून.

१० नोव्हेंबर
पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आला. लोकांच्या दाखल्यावर नुसतं 'निरंक' असतं. माझ्यावर चार ओळी.
केस कॉलेजची. कॅन्टीनमध्ये एक जण दीक्षाला दीड तास अकाउंट्स समजावत होता. मी त्याचं नाक फोडलं. येरवड्यात नऊ दिवस, कॉलेज तिथेच सुटलं. नंतर कळलं, तो तिचा मावसभाऊ. आता हे काय कपाळावर लिहिलेलं असतं?
घरी माझ्या बाबांनी दाखला वाचला. म्हणाले, अभय, लॅमिनेट करून घे, बी.कॉम.चं तर काही मिळालं नाही.

१४ नोव्हेंबर. दुपार
आणखी सात ठिकाणं झाली. दाखला बघेपर्यंत खुर्ची देतात. बघितला की साहेब बाहेर गेलेत. साहेब समोर बसून सांगतो, साहेब बाहेर गेलेत.
पुण्यात टॅलेंटची किंमत नाही.

१७ नोव्हेंबर
वारज्यात मुक्ताबाई. नवरा गेल्यापासून सहा ट्रकचा धंदा स्वतः बघतात. चष्मा लावून दाखला पूर्ण वाचला. पहिल्याच. म्हणाल्या, मारलंस का रं खरंच? मी हो म्हटलं. म्हणाल्या, खोटं बोलला न्हाईस, बरं केलंस. आता तुझ्याबद्दल शब्द देणारं कोण हाय? नंबर दे.
बाबांचा नंबर देण्यात अर्थ नव्हता. दीक्षाचा दिला. बाईंनी समोरच स्पीकरवर लावला. दीक्षा म्हणाली, काकू, तो आता तसा राहिला नाही, माझा शब्द आहे.
घरी येईपर्यंत तेच वाक्य. शुक्रवारी ट्रायल. लग्नाचा हॉल वारज्यातच बघावा का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ट्रायलला शेजारी बाईंचा जुना ड्रायव्हर सोनबा, तंबाखू मळत. बायपासला गाडी अशी नेली की त्याची चिमूट सांडली नाही. सर्व्हिस रोडला एक स्कूटरवाला आडवा आला. म्हणाला, लायसन्स लॉटरीत लागलं का रे? मी हसलो. पुढे परत आडवा. म्हणाला, ट्रक बापाचा आहे का? तरी गप्प. अकरा मिनिटं गप्प! मग खिडकीखाली येऊन म्हणाला, तुझ्यासारख्याला पोरगी कोण देणार?
उतरलो. एकच दिली.
त्याने उलटून मारलं नाही. गाल धरून सोनबाला म्हणाला, मामा, हा पण गेला.
बाईंचाच माणूस. प्रत्येक नव्या ड्रायव्हरवर सोडतात. नंतर बाई म्हणाल्या, गाडी समद्यांना येती. शिव्या खाऊन गप बसता येतंय का, ते बघायचं असतं.
परत येताना ट्रक सोनबाने चालवला.
पण ड्रायव्हिंगमध्ये मी पास आहे. मेन तेच. दोन दिवसांत बोलावतील.

२२ नोव्हेंबर
बाईंनी मला नाही, दीक्षाला फोन केला.
दीक्षा म्हणाली, मी शब्द दिला होता, अभय. मी म्हटलं, अगं, तो तुझ्यावरून बोलला. म्हणाली, त्याला माझं नाव तरी माहीत होतं का? मी म्हटलं, ऐक ना. फोन कट. नेटवर्क असेल.
इंजिनिअरला ती नाहीच म्हणणार. तरी उद्या जाऊन समजावतो. शांतपणे.

२३ नोव्हेंबर, रविवार
अकराला तिच्या गल्लीत पोचलो. गेटसमोर बाईक लावून उभा. वर गॅलरीतून हसण्याचे आवाज. तिचाही. दीड वाजता ते लोक खाली आले. इंजिनिअर बुटका आहे. हातात पेढ्यांचा बॉक्स. माझ्या बाईकमुळे त्यांची गाडी निघत नव्हती. मुठी आवळलेल्याच होत्या.
तो जवळ येऊन म्हणाला, दादा, जरा मागे घेता का?
मी घेतली.
त्याने थँक्यू म्हटलं. मी म्हटलं, इट्स ओके.