जेवत्या हाताचा गुडघा

बेलापूर, फेब्रुवारी १९७२, मंगळवार

दवाखान्यातून आल्यापासून तोंड कडू झालंय. चहा तसाच ठेवलाय.

गुडघ्यात इंजेक्शन घेणाऱ्यांचे कागद डॉक्टर मला सकाळीच भरून ठेवायला लावतात. सगळ्यांवर ‘उजवा गुडघा’. पेशंट मागाहून येतात. पारूबाईचा झिजलेला गुडघा डावा, सुई दिली तीही डाव्यात, पण बिल गेलं उजव्याचं. ती साखर कारखान्यात झाडलोट करते, म्हणून बिल कारखान्याकडे. आज तिथला साहेब तपासायला येणार म्हटल्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, “सिस्टर, कागदावर खाडाखोड नको. उजव्याला पट्टी बांधा.”

कागद चुकला म्हणून पाय बदलायचा?

मी पट्टी घेऊन बसले तशी पारूबाई म्हणाली, “ताई, ह्यो जेवत्या हाताचा गुडगा. ह्यो बरा हाय. दुखतोय त्यो पल्याडचा.”

“असू दे,” म्हणाले मी. असू दे! दुसरं काही सुचलं नाही, की सुचू दिलं नाही?

साहेबानं पट्टी पाहिली, सही केली. ती डाव्या पायानं लंगडत त्याच्या समोरून गेली, तेव्हा हा बशीतल्या चहात बिस्किट बुडवत होता. डॉक्टरांची शिसारी येते, त्या साहेबाची येते. पण जेवत्या हाताच्या गुडघ्याला पट्टी बांधली कुणी?

जाताना पारूबाईनं माझाच हात धरला. “लई झ्याक बांधली, ताई. आता ह्यो तरी दुखायचा न्हाई.”