हौदात पाणी कुठून यायचं

आपा,

व्याह्यांना बादशहाचे महाल दाखव, शिकलेली माणसं आहेत, खूश होतील, हे तुझंच डोकं ना? झाली खूश. सलाम मागाहून घे, गुडघ्यांची चौकशीही मागाहून करते. (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस.)

सिक्रीचा नळ तुला माहीत आहे. एक दिवसाआड येतो आणि आला तरी रडतो. म्हणून अलीगढची मंडळी यायच्या आधी मी शेजारणींची पिंपं मागून आणली, भरली आणि परसात गोधड्यांखाली झाकून ठेवली, की यांना टंचाईचा वास नको. नानखटाई खाऊन विहीणबाई हसतही होत्या. तिथूनच त्यांना वाटेला लावलं असतं तर माझ्या शगुफ्ताचं लग्न आज पक्कं असतं. पण नाही, महाल.

व्याही पाणीखात्यात नोकरी केलेले आहेत हे तू सांगितलं नव्हतंस. माणसं नक्षी बघतात, कबुतरं बघतात. हा माणूस लाल दगडाच्या प्रत्येक पन्हळीत बोट घालून विचारतो, हौदात पाणी कुठून यायचं? मला काय ठाऊक? मी जन्मभर दर्ग्याच्या पुढे गेले नाही (पुढे तिकीट पडतं). तेवढ्यात एक मेला गाईड चिकटला आणि मोठ्या हौसेने म्हणाला, पाणी पुरेना म्हणून तर बादशहा एवढं शहर टाकून गेला.

विहीणबाई जागच्या जागी थांबल्या. म्हणाल्या, "जिथे बादशहाचं भागलं नाही, तिथे आमची वरात तोंड कुठे धुणार?"

मी म्हटलं, "बादशहाकडे हत्ती होते. तुम्ही हत्ती आणणार आहात का?"

कुणी हसलं नाही. (गप्प बसायला हवं होतं, कळतं मला.) घरी आल्यावर व्याही तडक परसात गेले, गोधड्या बाजूला केल्या, एकेका पिंपाचं झाकण उचलून पाहिलं आणि चहा न घेता निघाले. तेव्हापासून पोरगी नीट जेवत नाही, नुसती पाणी भरत बसते, जसा काही तिचाच गुन्हा. स्थळ मोडलं तर मोहल्ला कारण विचारेल. काय सांगू, नळ?

तुझी बहीण,
हाजरा

ता. क. तुझ्या आग्र्याच्या अंगणात बोअर आहे. निकाह तिथे लागला तर काय बिघडेल?

आणखी ता. क. रिक्षा सुटता सुटता मी त्यांना ओरडून सांगितलंय, की निकाह तुझ्याकडेच ठरलाय. शुक्रवारी नमाजानंतर ते बोअर बघायला तुझ्याकडे येतील. मोटर दुरुस्त करून घे, व्याही चालू करून बघतील. हो म्हणायचं असेल तर मला कळव. नाही म्हणायचं असेल तर शगुफ्ताला. गुरुवारपर्यंत.