काय पेटलं पहा!

एटापल्ली,
चैत्रातला सोमवार

ती. कमळाबाईले लहान भाऊ लटारूचा ब्रह्मपुरीकडे तोंड करून नमस्कार.

बाई, तुई तब्येत बरी असन, भाऊजीचा गुडघा आता पाटावर बसू देत असन, असं धरून लिहून राह्यलो. इथी सारे खुशाल. मीही खुशाल, फक्त तळपायात काटे आहेत (सात निघाले, दोन राह्यले). ते कसे घुसले, तेच सांगाले हे पत्र.

आमच्या हापिसात औंदा नवीन कॉम्पुटर आला. उघडला का पडद्यावर कुठचातरी परदेशी निळा डोंगर दिसते. म्या म्हणलं, आपल्या चारी बाजूले डोंगर असताना लोकायचा डोंगर काऊन पाहाचा? मंग कॉम्पुटर चालवणाऱ्या रिना म्याडमकडून चित्राचा प्रोग्राम शिकलो. आधी सारं पान काळं करायचं. त्यावर एक पांढरी वाकडी रेघ ओढायची. तिची प्रत काढून धूसर करायची, तिच्यावर अजून एक प्रत, ती आणखी धूसर, अन् शेवटी नारिंगी रंग सोडायचा. बाई, रेघ आतून पेटते! हात लावला त पोळन, असं वाटते. त्यात कायचंच चित्र नसते, फक्त उजेड असते (म्याडम म्हणते, यालेच कला म्हणतात). आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत तेच करत होतो. शिपाई इसरू म्हणला, जिलबी चांगली जमली. साहेबानं पडदा बिघडला समजून बटन बंद केलं. मनाले लागलं.

म्हणून चित्र हापिसातूनच फोनवर घेतलं, शुक्रवारी पहाटे पाच वाजता उठलो अन् आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवलं. खाली लिहिलं, "काय पेटलं पहा!" फोन चार्जिंगले लावला अन् मोठ्या समाधानानं आंगोळीले गेलो.

आंगोळ अर्धी झाली त दारात मोटरसायकल. लच्छू. हा आमच्या गावच्या वणवा विझवणाऱ्या पोरायचा पुढारी, शांत माणूस, पण तवा धापा टाकत होता.

"भाऊ, कोणत्या डोंगरावर पेटलं?"

मले वाटलं तारीफ करून राह्यला. म्या म्हणलं, "डोंगरावर नाई गा, कॉम्पुटरवर."

त्यानं आपला फोन काढून माह्या नाकासमोर धरला. मंग समजलं, चित्र घरी गेलंच नव्हतं. ते गावच्या वणव्याच्या ग्रुपवर गेलं होतं (आग दिसली का खबर द्याले साऱ्यायले त्यात घेतलं आहे). अंधाऱ्या डोंगरावर आगीची रांग चढते ना, हुबेहूब तशी माही रेघ! चौदा जण हिरव्या फांद्या घेऊन अंदाजानंच मोहाच्या टेकडीकडे निघाले होते, अन् तिथी रेंज नाई. लच्छू म्हणला, "चला. तुमीच सांगा त्याइले."

बनियन, टॉवेल अन् डोक्याले अर्धं साबण. चपला घालाचं सुचलंच नाई (काट्यायचा खुलासा झाला). टेकडी चढता चढता एकच इचार. त्या लोकायनं गेल्या उन्हाळ्यात खरी आग विझवली होती, एकाचा हात भाजला होता. त्याइले काय सांगू, का मी उजेड काढून पाहत होतो?

वर गेलो अन् सांगून टाकलं. कोणी हासलं असतं त बरं वाटलं असतं. मोहफुलं वेचाले अंधारातच आलेली बुधरीआजी तेवढी टोपली ठेवून पुढं आली. "दाखव," म्हणली. लच्छूनं फोन धरला. तिनं डोळे बारीक करून चित्र लई वेळ पाहलं.

"आग नोहे हे," ती म्हणली. "पण चांगलं हाये. माह्या नातीच्या फोनात टाक." मंग झाडाखालच्या वाळल्या पाल्याकडे बोट केलं. "अन् आलाच आहात त हे झाडून द्या. फुलं दिसावी म्हणून लोक पाला पेटवतात, मंग डोंगर जळते."

सोळा माणसायनं नऊ वाजेपर्यंत तिच्या साऱ्या झाडायखालचा पाला झाडला. मले सर्वात मोठं झाड देण्यात आलं. खाली उतरल्यावर लच्छूनं मले पायी हाकललं नाई, गाडीवर मागं बसू दिलं. तेवढ्यात मी खुश होतो.

भाऊजीले नमस्कार, लेकरायले आशीर्वाद.

तुहा,
लटारू

ता. क. चित्राचा रंगीत छाप सोबत पाठवला आहे. उलटा धरला तरी चालते.

ता. क. दुसरं. घरचा ग्रुप माह्या फोनात सर्वात वर राहत होता, म्हणून म्या न पाहता बोट ठेवलं. मागून समजलं का त्याच्या आदल्या रात्री भाऊजीनं मले ग्रुपमधून काढलं (म्या एका दिवसात सुप्रभातची एकतीस चित्रं पाठवली म्हणे), अन् वणव्याचा ग्रुप त्या जागी आला. म्हणजे एवढा डोंगर कोणामुळं चढलो, हे मी लिहीत नाई. तू त्याइले फक्त एवढं म्हण, लटारूले परत घ्या. रोज एकच चित्र टाकीन. (सणाले दोन.)